रामकथेचा बेल्जियन अवलिया

आपल्या भाषेत 'अवलिया' हा फार सोयीचा शब्द आहे. थोडा विक्षिप्त, थोडा साधू, जगाच्या रीतीत न बसणारा, पण ज्याच्यावर रागावता येत नाही असा माणूस दिसला की आपण त्याला अवलिया म्हणून मोकळे होतो. कानडीतही कुणाच्या वेडावर असेच प्रेमाने हसण्याची रीत आहे. आज ज्यांच्याविषयी लिहिते आहे ते फादर कामिल बुल्के या शब्दाला पुरेपूर शोभतात. जन्माने बेल्जियन, व्रताने कॅथॉलिक धर्मगुरू, शिक्षणाने इंजिनियर, आणि आयुष्यभराचा ध्यास मात्र तुलसीदास आणि हिंदी भाषा! अंगात पांढरा झगा, छातीवर रुळणारी दाढी, निळे डोळे, आणि तोंडी अस्खलित हिंदी. कुणी सुशिक्षित भारतीय त्यांच्याशी उगाच इंग्रजीत बोलू लागला की या शांत माणसाचा पारा चढे.

मी गेली अनेक वर्षे सीमाभागातील एका महाविद्यालयात हिंदी शिकवते. घरची मराठी, सासरची कानडी, आणि पोटापाण्याची भाषा हिंदी, असा माझा त्रिवेणी संगम. बुल्के यांचे नाव हिंदीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते, पण ते बहुधा शब्दकोशाच्या मुखपृष्ठापुरते. माझीही त्यांची पहिली ओळख तशीच झाली. पुढे त्यांचे चरित्र वाचत गेले तेव्हा लक्षात आले, की हा माणूस ज्या मातीतून आला ती माती आपल्या मातीसारखीच दोन भाषांच्या सीमेवरची होती. त्यांच्या हिंदीवेडाचे मूळ तिथे आहे. म्हणूनच त्यांची गोष्ट आपल्या मराठी-कन्नड घरांतून सांगितली जावी असे मला वाटते.

दोन भाषांच्या देशात

कामिल बुल्के यांचा जन्म १ सप्टेंबर १९०९ रोजी बेल्जियमच्या पश्चिम फ्लँडर्स प्रांतातील राम्सकापेले या समुद्राजवळच्या खेड्यात झाला. गावाच्या नावात 'राम' यावा हा निव्वळ योगायोग, पण हिंदी लेखकांनी त्यावर मनसोक्त कौतुकाची फुले उधळली आहेत.

बेल्जियम हा देश १८३० साली स्वतंत्र झाला. उत्तरेकडे फ्लँडर्समध्ये फ्लेमिश, म्हणजे डच भाषेचीच बोली बोलणारे लोक, आणि दक्षिणेकडे फ्रेंच बोलणारे. लोकसंख्येत फ्लेमिश अधिक. पण सरकार, न्यायालय, सैन्य, उच्च शिक्षण आणि प्रतिष्ठित घराणी या सगळ्यांची भाषा दीर्घकाळ फ्रेंच होती. फ्लेमिश शेतकऱ्याचा मुलगा शिकून पुढे गेला की तो फ्रेंच बोलू लागे आणि घरची भाषा स्वयंपाकघरापुरती उरे. पहिल्या महायुद्धात हुकूम फ्रेंचमध्ये सुटतात आणि मरणारा शिपाई मात्र फ्लेमिश असतो, ही तक्रार घरोघर बोलली गेली. युद्धानंतर भाषेची चळवळ पेटली. गेंट शहरातील विद्यापीठाचा कारभार आणि शिक्षण १९३० साली पूर्णपणे डच भाषेत आले, तेव्हा फ्लँडर्सच्या लोकांना आपण आपल्या घराची किल्ली परत मिळवली असे वाटले असेल.

तरुण कामिल याच काळात लूव्हाँच्या प्रसिद्ध विद्यापीठात अभियांत्रिकी शिकत होता. ही चळवळ त्याने जवळून पाहिली आणि तिच्या बाजूने तो उभाही राहिला. आपली भाषा दुय्यम ठरवली की माणूसही दुय्यम ठरतो, हा धडा त्याने पुस्तकात वाचला नव्हता. तो त्याच्या गावात, घरात आणि वर्गात रोज गिरवला जात होता.

पुढची गोष्ट मोठी विलक्षण आहे. विद्यार्थिदशेतच त्याच्या वाचनात तुलसीदासांच्या रामचरितमानसातील एक ओळ जर्मन अनुवादातून आली. ज्याचे चरित्र ऐकून पित्याला आनंद होतो त्याचा जन्म धन्य, असा तिचा आशय. रामाच्या पितृभक्तीची ही ओळ त्याच्या मनात रुतून बसली. आणि विरोधाभास पाहा, याच मुलाने १९३० साली संसार आणि इंजिनियरची नोकरी यांकडे पाठ फिरवली आणि येशूसंघात, म्हणजे जेझुइट संघात, प्रवेश केला. आईबापांना सोडून पाच वर्षांनी तो थेट भारतात आला.

हिंदी कवी सर्वेश्वरदयाल सक्सेना यांनी बुल्के यांच्यावर 'मानवीय करुणा की दिव्य चमक' हा सुंदर आठवणलेख लिहिला. तो बरीच वर्षे केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या हिंदी पुस्तकात होता, त्यामुळे तुमच्यापैकी काहींच्या मुलांनी तो वाचलाही असेल. त्यात आईचा उल्लेख येतो. मुलगा हातचा गेला, असे तिने तो लहान असतानाच म्हणून टाकले होते म्हणे. संघात दाखल होताना मला भारतात पाठवा, अशी अट त्याने घातली. भारतच का, या प्रश्नाला तसे मनात होते, याहून वेगळे उत्तर त्यांनी दिले नाही. घर सोडले तरी आईची पत्रे येत राहिली. ती पत्रे ते आपले जिवलग मित्र डॉ. रघुवंश यांना दाखवीत. संन्याशाच्या झग्याच्या खिशात आईचे पत्र असणे, हे चित्र मला फार बोलके वाटते.

गुमल्याचा गणिताचा मास्तर

१९३५ साली बुल्के भारतात आले. छोटा नागपूरच्या पठारावर, आज ज्याला आपण झारखंड म्हणतो तिथे, बेल्जियन जेझुइटांचे काम अर्धशतकापासून चालू होते. कॉन्स्टंट लीवेन्स हे फ्लेमिश धर्मगुरू १८८५ पासून तिथल्या आदिवासींमध्ये वावरले आणि जमिनीच्या खटल्यांत त्यांना कायद्याचा आधार मिळवून देण्यासाठी झटले. त्यामुळे फ्लँडर्सच्या खेड्यापाड्यांतून रांचीचे नाव ठाऊक होते.

बुल्के यांना गुमला येथील शाळेत गणित शिकवायला धाडण्यात आले. इथेच त्यांना पहिला धक्का बसला. आपला साहित्याचा आणि विचारांचा वारसा केवढा थोर आहे याची शिकलेल्या भारतीयांना पुरेशी जाणीव नाही, आणि इंग्रजी बोलण्यात त्यांना भूषण वाटते, हे पाहून आपल्याला आश्चर्यही वाटले आणि दुःखही झाले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. वाचकहो, ज्याने घरी फ्रेंचचा तोरा पाहिला होता त्याला इथे इंग्रजीचा तोरा ओळखू यायला वेळ लागला नाही. लोकांची भाषा आपण त्यांच्याइतकी, जमल्यास त्यांच्याहून चांगली शिकायची, असे त्यांनी तिथेच ठरवले.

ठरवले ते केलेही. हजारीबागजवळच्या सीतागढा येथे पंडित बदरीदत्त शास्त्री यांच्यापाशी बसून हिंदी आणि संस्कृतचा पाया घातला. दार्जिलिंगच्या डोंगरातील कर्सियांग येथे धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९४१ साली धर्मगुरूपदाची दीक्षा घेतली. मग कलकत्ता विद्यापीठातून संस्कृत घेऊन पदवी. त्यानंतर १९४७ साली अलाहाबाद विद्यापीठातून हिंदी विषयात एम.ए. तिशी उलटलेला, दाढीधारी, परदेशी धर्मगुरू तरुण पोरांच्या बाकावर बसून ब्रज आणि अवधी काव्याच्या टिपा काढतो आहे, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहा.

अलाहाबाद तेव्हा हिंदी साहित्याची राजधानीच होती. 'परिमल' या साहित्यमंडळातील तरुण लेखकांत बुल्के सहज मिसळले. वादविवाद, कवितावाचन, थट्टामस्करी यांत ते असत आणि घरगुती समारंभांना वडीलधाऱ्याच्या नात्याने हजर राहून आशीर्वादही देत. सक्सेना यांच्या मुलाच्या तोंडात पहिला घास त्यांनीच घातला होता. धर्मांतराचा विषय काढून त्यांनी कुणाला अवघडून टाकले, असे त्यांच्या हिंदू मित्रांच्या आठवणींत मला कुठे आढळले नाही. ते आपल्या श्रद्धेवर ठाम होते, प्रार्थना चुकवीत नव्हते, आणि तुलसीदासांचे नाव निघाले की त्यांचे डोळे भरून येत. या तिन्ही गोष्टी एका माणसात नांदत होत्या.

प्रबंध हिंदीतच!

आता त्यांच्या हट्टाची गोष्ट. संशोधनासाठी त्यांनी विषय घेतला रामकथेचा उगम आणि विकास. हिंदी विभागाचे प्रमुख डॉ. धीरेंद्र वर्मा, मार्गदर्शक डॉ. माताप्रसाद गुप्त. अडचण एकच. त्या काळी विषय हिंदीचा असला तरी प्रबंध इंग्रजीत लिहायचा, असा विद्यापीठाचा शिरस्ता होता. बुल्के यांना इंग्रजी उत्तम येत होते. फ्रेंच, जर्मन, लॅटिन आणि ग्रीकही येत होते. इंग्रजीत लिहिणे त्यांना हिंदीपेक्षा सोपे गेले असते. पण हिंदीचा प्रबंध हिंदीतच लिहीन, असे त्यांनी सांगून टाकले. अखेर विद्यापीठाला नियमात वाट करून द्यावी लागली. १९४९ साली त्यांना डी.फिल. मिळाली आणि पुढच्याच वर्षी 'रामकथा : उत्पत्ति और विकास' हा ग्रंथ विद्यापीठाच्या हिंदी परिषदेने प्रसिद्ध केला.

या ग्रंथाचा आवाका पाहून आजही छाती दडपते. वाल्मीकी, महाभारत, पुराणे, बौद्ध जातके, जैन रामायणे, सर्व भारतीय भाषांतील रामकथा, आणि भारताबाहेर तिबेट, खोतान, इंडोनेशिया, सयाम, कंबोडिया, ब्रह्मदेश येथील रूपे, या सर्वांचा धांडोळा त्यात आहे. प्रत्येक प्रसंग घ्यायचा, तो कुठल्या परंपरेत कसा बदलला ते ओळीने मांडायचे, आणि मग कोणते रूप आधीचे ते तर्काने ठरवायचे, ही त्यांची पद्धत. मला त्यात कवीच्या प्रेमाइतकीच इंजिनियरची शिस्त दिसते.

त्या काळी युरोपातील काही पंडित म्हणत, की दशरथ-जातक ही बौद्ध कथा वाल्मीकींच्याही आधीची आहे. या जातकात राम, लक्ष्मण आणि सीता ही भावंडे आहेत. वेबर या जर्मन पंडिताने तर रामकथेवर होमरची छाया पाहिली होती. बुल्के यांनी ही मते पुराव्यानिशी खोडून काढली आणि वाल्मीकींची मूळ कथा हाच या साऱ्या वृक्षाचा बुंधा आहे असे मांडले. त्याच वेळी बालकांड आणि उत्तरकांड हे भाग मागाहून जोडले गेले, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिले. भक्ताला आवडेल ते आणि न आवडेल ते, दोन्ही सांगताना त्यांची लेखणी अडखळली नाही.

पैठण ते तोरवे

आपल्या घरांच्या दृष्टीने या ग्रंथात एक खास गंमत आहे. त्यात आपल्या दोन्ही आज्या भेटतात!

आमच्या घरी मुले आईच्या आईला 'आजी' म्हणतात आणि वडिलांच्या आईला 'अज्जी'. आजीचे रामायण म्हणजे पैठणच्या एकनाथमहाराजांचे भावार्थ रामायण. नाथांच्या हातून युद्धकांड पुरे झाले नाही, ते आणि पुढचा भाग त्यांचे शिष्य गावबा यांनी पूर्णत्वास नेला. अज्जीचे रामायण म्हणजे कुमारवाल्मीकी नाव घेतलेल्या नरहरी कवीचे तोरवे रामायण. तोरवे हे गाव आपल्या विजापूरच्या, म्हणजे आजच्या विजयपूरच्या, अगदी लगत आहे. तिथल्या नरसिंहाच्या चरणी बसून हे काव्य रचले गेले. त्याहीआधी नागचंद्राने, ज्याला अभिनव पंप म्हणतात, कानडीत जैन परंपरेचे रामायण लिहिले. त्या परंपरेत रावणाला राम मारत नाही, लक्ष्मण मारतो, आणि रावण हा राक्षस नसून एका मोहाने घसरलेला मोठा माणूस आहे.

एकाच ओसरीवर बसून दोन आज्यांनी दोन रामकथा सांगाव्यात आणि नातवंडांनी "खरी कुठली?" असे विचारावे, हे आपल्याकडे नवीन नाही. बुल्के यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे याच प्रश्नावर घालवली. त्यांच्या मांडणीतून मी घेतलेले उत्तर असे, की बुंधा एक असला तरी फांदीला फांदीपण असते, आणि कुठल्या मातीत कुठली फांदी का फुटली हे समजून घेणे हीसुद्धा एक उपासनाच आहे.

या ग्रंथाचा आपल्या गावाशी आणखी एक धागा जुळतो. ए. के. रामानुजन हे थोर कवी आणि लोककथांचे अभ्यासक १९५०च्या दशकात बेळगावच्या लिंगराज कॉलेजात इंग्रजी शिकवीत होते. मैसूरच्या तमिळ घरात जन्मलेले, कानडीत आणि इंग्रजीत कविता लिहिणारे रामानुजन याच भागात कानडी लोककथा गोळा करीत फिरले. पुढे शिकागोत असताना त्यांनी रामायणाच्या अनेक रूपांवर 'तीनशे रामायणे' या अर्थाच्या मथळ्याचा जो गाजलेला निबंध लिहिला, त्यातला तीनशेचा आकडा बुल्के यांच्याच मोजणीचा आहे. हा निबंध २०११ साली दिल्ली विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून वगळण्यात आला तेव्हा देशभर वादळ उठले. त्या वादळात मूळ मोजदाद करणाऱ्या रांचीच्या फादरची आठवण फार थोड्यांना झाली. ज्या श्रद्धावान माणसाने रामकथेचे प्रत्येक रूप हाती घेऊन जपून नोंदवले, त्याच्या ग्रंथात ही सारी रूपे १९५० पासून शांतपणे शेजारी शेजारी नांदत होती.

शब्दांचा कारखाना

रांचीच्या सेंट झेवियर्स कॉलेजात बुल्के हिंदी आणि संस्कृत विभागाचे प्रमुख झाले. १९५१ साली त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले. मायदेशाची आठवण येते का, असे कुणी विचारले की माझा देश आता भारत, हे त्यांचे उत्तर ठरलेले असे. जन्मभूमीबद्दल असे नेमकेपणाने विचारले तर मात्र राम्सकापेले किती सुंदर आहे ते ते आनंदाने सांगत.

त्यांना ऐकू कमी येत असे. वर्गात शिकवणाऱ्याला हा मोठाच अडसर. हळूहळू त्यांनी आपला बहुतेक वेळ लेखन-संशोधनाकडे वळवला आणि त्यातून हिंदीला तिचा सर्वांत भरवशाचा इंग्रजी-हिंदी कोश मिळाला. आधी १९५५ साली एक पारिभाषिक शब्दावली झाली आणि मग १९६८ साली सुमारे ४० हजार शब्दांचा 'अंग्रेजी-हिन्दी कोश' आला. इंग्रजी शब्दाचा उच्चार देवनागरीत, अर्थाच्या छटा वेगवेगळ्या मांडलेल्या, आणि प्रत्येक छटेला चालेल असा बोलता येण्याजोगा हिंदी शब्द. सरकारी समित्यांनी बनवलेले दगडासारखे जड शब्द ज्यांनी गिळले आहेत त्यांना या कोशाची किंमत पटकन कळते. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्याची जी प्रत आहे तिच्या कडा इतक्या झिजल्या आहेत की तिला दोनदा पुठ्ठ्याची बांधणी करावी लागली. एखाद्या कोशकाराला याहून मोठा मान कोणता?

आपल्याकडे ही परंपरा जुनीच आहे म्हणा. मराठीचा पहिला मोठा कोश १८३१ साली मोल्सवर्थ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने केला. कानडीचा थोर कोश १८९४ साली किट्टेल या जर्मन पाद्र्याने सिद्ध केला. किट्टेल बासेल मिशनचे, म्हणजे प्रॉटेस्टंट, आणि धारवाडच्या लोकांना ते घरचेच वाटतात. गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली मराठीत 'ख्रिस्तपुराण' छापून प्रसिद्ध केले. बुल्के या मालिकेतले. फरक एवढाच, की त्यांचा हेतू परकीयांना आपली भाषा शिकवण्याचा नव्हता. आपल्याच लोकांनी आपली भाषा वापरावी म्हणून हा खटाटोप होता.

आणखी एक पुस्तक सांगायलाच हवे. १९५८ साली त्यांनी मॉरिस मातरलिंक यांच्या प्रसिद्ध नाटकाचा 'नीलपंछी' या नावाने हिंदी अनुवाद केला. मातरलिंक हे गेंट शहरचे, म्हणजे फ्लँडर्सचेच, पण लिहीत फ्रेंचमध्ये. १९११ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. फ्रेंचच्या वरचष्म्याविरुद्ध ज्याचे रक्त तारुण्यात उसळले होते, त्याने आपल्याच प्रांतातील फ्रेंच लेखकाचे नाटक प्रेमाने हिंदीत आणले. त्यांचे भांडण फ्रेंच भाषेशी नव्हतेच. भांडण होते ते आपल्या भाषेची लाज वाटण्याशी.

दोन न सुटलेले प्रश्न

अवलियाचे गुणगान करताना त्याच्या वेडाची दुसरी बाजूही पाहायला हवी. संस्कृत महाराणी, हिंदी सूनबाई आणि इंग्रजी मोलकरीण, असे एक वाक्य त्यांच्या नावावर सर्रास सांगितले जाते. वर्गात हे सांगितले की मुले हसतात. एकदा मात्र मागच्या बाकावरच्या एका कानडी मुलीने विचारले, "मॅडम, मग आमची कानडी त्या घरात कोण?" वर्ग शांत झाला. प्रश्न रास्त होता. हिंदीच्या या घरात मराठीची आणि कानडीची खोली कुठली, हे ते वाक्य सांगत नाही.

दुसरा प्रश्न त्याहून खोलवरचा. बुल्के ज्या गुमल्यात गणित शिकवीत होते तिथल्या मुलांच्या घरची भाषा हिंदी नव्हती. ती कुडुख होती, सादरी होती, आसपास मुंडारी आणि खडिया होती. बुल्के यांच्याच संघातील जर्मन धर्मगुरू होफमन यांनी मुंडारीचा प्रचंड ज्ञानकोश रचण्यात आयुष्य वेचले. तेव्हा फ्लेमिशची व्यथा घेऊन आलेल्या माणसाने छोट्या नागपुरात हिंदीची ध्वजा धरली, ती तिथल्या आदिवासी आईला कशी दिसली असेल? एका बाजूने लहान असलेली भाषा दुसऱ्या बाजूने मोठी असते, हे आपण सीमाभागातील लोकांना कुणी शिकवायला नको. एकाच गल्लीत सकाळी आपण सोसणारे असतो आणि संध्याकाळी दटावणारे.

तरीही मला बुल्के यांचा आधार वाटतो. याच आपल्या दोन भाषांच्या वादात आपण राज्यपुनर्रचनेचे १९५६ साल पाहिले, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल पाहिला. तिकडे बेल्जियममध्येही १९६२-६३ साली कायद्याने भाषांची सीमारेषा आखली गेली. ज्या लूव्हाँ विद्यापीठात बुल्के शिकले त्याचे १९६८ साली भाषेवरून दोन तुकडे झाले. फ्रेंच विभागाने नवे गाव वसवून तिकडे बिऱ्हाड हलवले. ग्रंथालयाची वाटणी झाली तेव्हा विषम क्रमांकाची पुस्तके एकीकडे आणि सम क्रमांकाची दुसरीकडे गेली! म्हणजे एखाद्या संचाचा पहिला खंड इथे आणि दुसरा तिथे. भावाभावांच्या वाटणीत पातेले एकाकडे आणि झाकण दुसऱ्याकडे जावे तसा हा प्रकार. आणि नेमक्या त्याच वर्षी, १९६८ सालीच, त्या विद्यापीठाचा हा जुना विद्यार्थी रांचीत दोन भाषा एका पानावर शेजारी मांडणारा कोश प्रसिद्ध करीत होता. भाषेच्या अभिमानातून काय काय निपजू शकते याची ही दोन टोके आहेत.

अखेर

भारत सरकारने १९७४ साली त्यांना पद्मभूषण दिले. १९७७ साली 'नया विधान' हा बायबलच्या नव्या कराराचा त्यांचा हिंदी अनुवाद आला. त्याच वर्षी 'रामकथा और तुलसीदास' हे पुस्तकही आले. एका टेबलावर बायबल आणि त्याच टेबलावर मानस, असेच त्यांचे सगळे आयुष्य गेले. संपूर्ण बायबल हिंदीत आणण्याचे काम त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. पायाला गँगरीन झाले, दिल्लीला हलवावे लागले, आणि १७ ऑगस्ट १९८२ रोजी त्यांचे तिथेच निधन झाले. काश्मिरी गेटजवळच्या निकल्सन दफनभूमीत त्यांना निरोप द्यायला हिंदीतील लेखक-प्राध्यापकांची गर्दी लोटली होती. पुढे मार्च २०१८ मध्ये त्यांचे अवशेष रांचीला नेऊन त्यांच्याच कॉलेजच्या आवारात पुन्हा पुरण्यात आले. ज्या रस्त्यावर ते कॉलेज आहे त्याला आज त्यांचे नाव आहे.

हे सारे आज का सांगायचे? आपल्या घरांतून एक चमत्कार घडतो आहे, तो आपण फारसा बोलून दाखवत नाही. आजी मराठीत विचारते, अज्जी कानडीत विचारते, आणि नातवंड दोघींनाही इंग्रजीत उत्तर देते. मराठी मोठी की कानडी मोठी या वादात आपण पन्नास-साठ वर्षे घालवली, आणि पोरांनी दोन्ही बाजूंना परस्पर सुट्टी देऊन टाकली. इंग्रजी शिकू नये असे कुणीच म्हणणार नाही. बुल्के यांनी तर तिचा कोश केला, ती ज्याला नीट हवी आहे त्याला आयुष्यभर मदत केली. त्यांना खटकत होती ती इंग्रजीचा आव आणून घरची भाषा विसरण्याची हौस. सक्सेना लिहितात, की हिंदीवाल्यांनीच हिंदीची उपेक्षा करावी, या एकाच गोष्टीवरून ते चिडलेले दिसत.

आमच्या घरी आम्ही गेल्या श्रावणापासून एक साधी पद्धत ठेवली आहे. रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे एक दिवस भावार्थ रामायण आणि एक दिवस तोरवे रामायण वाचायचे. ज्याला जी भाषा कमी येते त्याने त्या दिवशी वाचायचे, म्हणजे मी तोरवे वाचते आणि यजमान नाथांच्या ओव्या. चुका होतात. अज्जी माझे 'ळ' आणि 'ल' दुरुस्त करतात, आणि मुले आमच्या दोघांच्याही उच्चारांना हसतात. हसताहसता त्यांच्या कानावर दोन्ही भाषा पडतात, आणि मधूनच "तिकडच्यात तर असं नव्हतं!" असा आक्षेपही येतो.

राम्सकापेलेहून आलेल्या त्या अवलियाला हा आक्षेप ऐकून फार बरे वाटले असते. अर्थात ऐकू कमी येत असल्यामुळे त्याने तो दोनदा विचारून घेतला असता, आणि मग वहीत नोंदवला असता.